शिंकेनंतरचा शब्द

मांडीवरचं बाळ शिंकलं की आमची आजी त्याच्या टाळूवर तळवा ठेवून ‘शतंजीव’ म्हणायची. दुसरी शिंक आली की पुन्हा ‘शतंजीव’. तिसरी आली की मात्र पदराने त्याचं नाक पुसून वेखंड उगाळायला उठायची. हीच आजी, कुणी पिशवी घेऊन उंबरठ्यापाशी पोचलं आणि तेवढ्यात आतून कुणी शिंकलं, तर जाणाऱ्याला हाक मारून मागे बोलवायची. ‘बस जरा. घोटभर पाणी पी, मग जा.’ घर तेच, शिंकही तीच. बाळाच्या शिंकेला आशीर्वाद होता, निघताना आलेली शिंक मात्र अडवणारी. यातली दुसरी बाजू आपल्या भाषेने घट्ट धरून ठेवली आहे. जुळत आलेलं लग्न मोडलं, होत आलेला व्यवहार फिसकटला, की आपण विचारतो, ‘कुठे माशी शिंकली?’

शकुनाची बाजू समजायला सोपी आहे. मांजर आडवं जातं, पाल चुकचुकते, तशीच शिंक. विचार करायला लावते ती पहिली बाजू. एकजण शिंकतो आणि दुसरा त्याला काहीतरी म्हणतो. खोकणाऱ्याला कुणी आशीर्वाद देत नाही, उचकी लागलेल्याला पाणी देतात, जांभई देणाऱ्याकडे दुर्लक्ष करतात. मग शिंकेलाच हा मान का, आणि तो द्यायची रीत आली कुठून?

या प्रश्नाचं एक उत्तर जगभर फिरत असतं. इसवीसन ५९० मध्ये रोममध्ये प्लेगची साथ होती. आदल्या वर्षाअखेरीस टायबर नदीला पूर येऊन गेला होता, साथीत पोप दुसरे पेलाजियस दगावले आणि त्यांच्या जागी ग्रेगरी आले. त्यांनी शहरातल्या लोकांना सात गटांत विभागून प्रार्थनेच्या मिरवणुका काढायला लावल्या. शिंक हे त्या रोगाचं पहिलं लक्षण होतं, शिंकला तो गेला अशी अवस्था होती, म्हणून शिंकणाऱ्याला ‘देव तुझं भलं करो’ म्हणायची प्रथा ग्रेगरींनी घालून दिली, असं ही गोष्ट सांगते.

गोष्ट चांगली आहे. तिच्यात वर्ष आहे, शहर आहे, माणूस आहे आणि कारणही आहे. साथ आणि मिरवणुका हा तर इतिहासच आहे. तूरचा बिशप ग्रेगरी हा त्या पोपचा समकालीन आणि नावबंधू. रोमहून परतलेल्या आपल्या डीकनकडून ऐकून त्याने ही हकीकत लिहून ठेवली. मिरवणूक चालू असताना एका तासात ऐंशी माणसं कोसळली, असं त्याने नोंदवलं आहे. पण रोगाचं वर्णन करताना तो जांघेतल्या गाठींचा उल्लेख करतो. शिंक मरणाचं लक्षण म्हणून या साथीला ठळकपणे चिकटलेली दिसते ती सुमारे सातशे वर्षांनी, तेराव्या शतकातल्या ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रांच्या संग्रहात.

गाठींचा हा तपशील महाराष्ट्राला वेगळा समजावून सांगावा लागू नये. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात फैलावला आणि मग गावोगाव फिरला. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, लोक ‘गाठीचा ताप’ म्हणत. उंदीर पडायला लागले, काखेत किंवा जांघेत गाठ आली, की माणसं घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहायला जात. त्या वर्षांच्या आठवणी घराघरांतून पुढच्या पिढ्यांपर्यंत आल्या. त्यांत उंदीर आहेत, गाठी आहेत, ताप आणि वात आहे. शिंक नाही. प्लेग फुप्फुसात उतरला तर रोगी खोकतो आणि खोकल्यातून रक्त पडतं. तिथेही शिंकेला विशेष स्थान नाही. मग एक साधा प्रश्न उरतो. प्लेगने एखादी रीत जन्माला घातली असती, तर ती शिंकेची का, गाठीची का नाही?

रोगाच्या साथींना अशा गोष्टी चिकटतातच. आपल्या बालवाडीतली ‘रिंगा रिंगा रोझेस’ घ्या. ती लंडनच्या प्लेगमधून आली, फुलं म्हणजे दुर्गंधीवरचा उपाय आणि शेवटी सगळे पडतात ते मरून, असं ठामपणे सांगितलं जातं. हे बडबडगीत इंग्लंडमध्ये छापलं गेलं ते १८८१ मध्ये, आणि त्याचा प्लेगशी जोडलेला अर्थ तर दुसऱ्या महायुद्धानंतर लोकप्रिय झाला. लोकसाहित्याचे अभ्यासक तो मानत नाहीत. पण साथीचं भय इतकं मोठं असतं की ज्या रीतीचं कारण सापडत नाही ती त्या भयाच्या पदरात टाकली की मनाचं समाधान होतं.

ग्रेगरींची गोष्ट मात्र नुसत्या तारखांनीच मोडते. पहिल्या शतकातल्या प्लिनीने आपल्या प्रचंड ‘निसर्गवर्णना’च्या अठ्ठाविसाव्या पुस्तकात लोकांच्या चालीरीतींची यादी देताना सरळ विचारलं आहे की आपण शिंकणाऱ्याला शुभ का चिंततो? सम्राट तिबेरियस इतका उदास आणि तुटक माणूस, पण गाडीत बसलेला असतानाही शिंकल्यावर लोकांनी ही रीत पाळावी असा त्याचा आग्रह होता, असं प्लिनी सांगतो. शुभचिंतनाबरोबर शिंकणाऱ्याचं नाव घेतलं तर ते अधिक फळतं असं काहींना वाटतं, हेही तो नोंदवतो. प्लिनी वारला ७९ मध्ये, व्हेसुव्हियसच्या उद्रेकात. ग्रेगरींच्या पाचशे वर्षं आधी.

त्या काळच्या रोमन कादंबऱ्यांत ही रीत रोजच्या व्यवहारासारखी येते. नीरोच्या काळातल्या पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये गितोन नावाचा पोरगा खाटेखाली लपलेला असतो आणि त्याला लागोपाठ तीन शिंका येतात. खोलीतला म्हातारा कवी पहिलं काय करतो, तर गितोनचं नाव घेऊन त्याचं शुभ चिंततो. दुसऱ्या शतकातल्या अपुलेयसने रंगवलेला प्रसंग याहून बोलका आहे. एका परिटाची बायको नवरा अवचित आल्यामुळे आपल्या प्रियकराला वेताच्या पिंजऱ्याखाली लपवते. त्या पिंजऱ्यावर कपडे पसरून खालून गंधकाची धुरी देत, म्हणजे ते पांढरेशुभ्र होत. धुरीने त्या माणसाला शिंक येते. आवाज बायकोच्या बाजूने आला म्हणून नवरा सवयीने तिचं शुभ चिंततो. शिंका थांबत नाहीत. तो पुन्हा पुन्हा शुभ चिंतत राहतो आणि मग कुठे त्याच्या लक्षात येतं. शुभचिंतन विचाराच्या आधी तोंडातून बाहेर पडतं, यावरच ही सगळी गोष्ट उभी आहे. इतकी अंगवळणी पडलेली रीत एका पिढीतली नसते.

ग्रीकांकडे गेलं की आपण आणखी मागे जातो. होमरच्या ‘ओडिसी’त तेलेमाखस घर दणाणेल असा शिंकतो आणि त्याची आई पेनेलोपी हसून म्हणते की आपलं बोलणं खरं होणार. इसवीसनापूर्वी ४०१ मध्ये इराणी साम्राज्याच्या पोटात अडकलेल्या ग्रीक सैन्यासमोर झेनोफोन भाषण करत होता. सुटकेचा शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि तेवढ्यात कुणीतरी शिंकलं. सगळ्या सैनिकांनी एकदम देवाला नमस्कार केला, आणि झेनोफोनने लगेच तारणहार झ्यूसला नवस बोलायचा ठराव मांडला. ग्रीक सुभाषितांच्या एका संग्रहात लांब नाकाच्या माणसाची थट्टा आहे. तो शिंकला की ‘झ्यूस, वाचव’ म्हणत नाही, कारण नाकाचं टोक कानापासून इतकं दूर की शिंक त्याला ऐकूच येत नाही. म्हणजे शिंकल्यावर झ्यूसला हाक मारणं हे सर्वांना ठाऊक होतं, नाहीतर ही थट्टा कळलीच नसती. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या ‘समस्या’ या ग्रंथात तर आपलाच प्रश्न आहे. शिंकेला आपण दैवी मानतो, खोकल्याला किंवा पोटातल्या वायूला का नाही? तिथलं उत्तर असं की शिंक मस्तकातून येते आणि मस्तक हा शरीराचा सर्वांत दैवी भाग.

हे पुरावे एकत्र मांडून ग्रेगरींची गोष्ट खोडायचं काम थॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने १६४६ मध्येच केलं होतं. त्याला पावणेचारशे वर्षं होऊन गेली, तरी ती गोष्ट चालूच आहे.

शकुनाचा प्रवाह याच्या शेजारून वाहतो. तो तितकाच जुना आहे, पण त्यावर रेंगाळायची गरज नाही. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात वरण नावाच्या मण्याचं सूक्त आहे. वाईट स्वप्न, पक्ष्याचं अशुभ ओरडणं आणि शिंक यांपासून हा मणी रक्षण करतो. अथेन्सचा सेनापती तिमोथियस आरमार घेऊन निघत असताना कुणीतरी शिंकलं आणि सुकाणूवाला थांबला. इतक्या हजारांत एकाला सर्दी झाली तर त्यात नवल काय, असं म्हणून सेनापतीने जहाजं पुढे काढली. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन अशा लोकांवर चिडला होता जे जोडा घालताना शिंक आली की पुन्हा अंथरुणात जाऊन पडतात. इराणात आजही एका शिंकेला ‘सब्र’ म्हणतात. सब्र आली, जरा थांब. आमच्या आजीचा घोटभर पाण्याचा थांबा तिथल्या कुणाही म्हातारीला समजला असता.

आशीर्वादाचा भारतीय पुरावा मला या सगळ्यांत श्रीमंत वाटतो. वैदिक गृह्यसूत्रांत बोलायची जबाबदारी शिंकणाऱ्यावरच आहे. आश्वलायन गृह्यसूत्र सांगतं की शिंक आली, जांभई आली, डोळा लवला, कानात आवाज झाला, तर आपल्या शक्ती आपल्यातच राहोत अशा अर्थाचा मंत्र पुटपुटावा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात झोपून उठल्यावर, जेवल्यावर, थुंकल्यावर तसंच शिंकल्यावरही आचमन सांगितलं आहे. या दोन्ही ठिकाणी समोरचा माणूस गप्प आहे. समोरचा माणूस बोलताना ऐकू येतो तो पाली विनयपिटकात.

त्या पिटकातल्या चुल्लवग्ग या भागातला तो प्रसंग असा. बुद्ध मोठ्या जमावापुढे धर्म सांगत होते आणि त्यांना शिंक आली. भिक्खूंनी एकच गलका केला, भगवान जगोत, सुगत जगोत. त्या आवाजाने प्रवचन मध्येच तुटलं. बुद्धांनी विचारलं, शिंकल्यावर ‘जग’ म्हटल्यामुळे कुणी जगतो किंवा मरतो का? भिक्खू म्हणाले, नाही. मग असं म्हणू नका, असा नियम झाला आणि तो मोडणं दोष ठरला. तर्काच्या अंगाने विषय इथेच संपला.

पण विनयाची नोंद इथे थांबत नाही, आणि तिचा पुढचा भाग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. भिक्खू शिंकले की गावातले लोक नेहमीप्रमाणे त्यांना ‘जगा’ म्हणत. नियम मोडेल या भीतीने भिक्खू उत्तर देत नसत. लोकांना ते लागलं. आम्ही जगा म्हणतो आणि हे शाक्यपुत्र श्रमण साधा शब्द परत देत नाहीत, हे कसलं वागणं, असं ते बोलू लागले. गोष्ट बुद्धांच्या कानावर गेली. संसारी माणसं मंगल मानणारी असतात, असं म्हणून त्यांनी परवानगी दिली. गृहस्थाने ‘जगा’ म्हटलं तर त्याला ‘चिरं जीव’ म्हणावं.

या शब्दाने आयुष्य वाढत नाही, हे बुद्धांनी एकदा सांगितलं ते मागे घेतलं नाही. तरीही रीत परत आणली, कारण तो शब्द न मिळाल्याने माणसं दुखावली होती. बुद्ध ज्या ‘चिरं जीव’ला परवानगी देतात तो आपल्याकडे लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी ‘चि.’ होऊन बसला आहे. तेलुगू घरांत मूल शिंकलं की मोठी माणसं अजून ‘चिरंजीव’ म्हणतात.

हीच घटना निमित्त धरून जातकांत गग्ग जातक येतं. काशी प्रदेशातला गग्ग नावाचा ब्राह्मण मुलाबरोबर फिरता माल विकत वाराणसीला पोचतो. रात्री कुठे जागा मिळत नाही म्हणून दोघं गावाबाहेरच्या एका ओसाड शाळेत, म्हणजे धर्मशाळेसारख्या जागेत, उतरतात. तिथे एक यक्ष राहत असतो. बारा वर्षं यक्षांचा राजा वेस्सवण याची चाकरी करून त्याने वर मिळवलेला असतो की या शाळेत कुणी शिंकलं आणि कुणी ‘जीव’ म्हटलं नाही, किंवा उलट ‘तूही जीव’ असं म्हटलं नाही, तर त्यांना खायचं. यक्ष बारीक भुकटी उडवून गग्गाला शिंक आणतो. मुलगा, म्हणजे बोधिसत्त्व, वेळीच ओळखतो आणि बापाला शंभर वर्षं आणि वर वीस असं आयुष्य चिंततो. यक्ष बापाकडे वळतो, तर बापही मुलाला तेच परत देतो. शंभरावर वीस म्हणजे आपल्या ज्योतिषाने माणसाचं पूर्ण आयुष्य मानलेली एकशेवीस वर्षं. यक्षाच्या अटीला दोन बाजू आहेत. शिंकणाऱ्याला आशीर्वाद मिळाला पाहिजे आणि शिंकणाऱ्यानेही तो परत दिला पाहिजे. ज्याने फक्त घेतलं तोही वाचत नाही.

ही परतफेड दूरवर दिसते. तुर्कस्तानात शिंकणाऱ्याला ‘चोक याशा’ म्हणतात, खूप जग. तो उत्तर देतो ‘सेन दे गोर’, तूही ते पाहा, म्हणजे माझं ते लांबलचक आयुष्य पाहायला तूही अस. इस्लाममध्ये तर तीन पायऱ्यांची शिस्त आहे. शिंकणारा अल्लाची स्तुती करतो, ऐकणारा त्याच्यासाठी अल्लाची दया मागतो, आणि शिंकणारा पुन्हा ऐकणाऱ्यासाठी सन्मार्ग मागतो. हदीसमधल्या एका हकीकतीत पैगंबरांसमोर दोघं शिंकतात. एकाला ते आशीर्वाद देतात, दुसऱ्याला नाही, कारण त्याने स्तुती केलेली नसते. पहिला शब्द शिंकणाऱ्याकडून आला पाहिजे. अल्लाला शिंक आवडते आणि जांभई आवडत नाही, असंही हदीस सांगते.

बुद्धांच्या प्रवचनात जी अडचण आली तीच यहुदी पाठशाळेतही आली होती. शिंकणाऱ्याला ‘मर्पे’, म्हणजे बरं वाटो, असं म्हणायची रीत लोकांत होती. तोसेफ्ता या जुन्या संहितेत तिला परक्यांची अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारलं आहे. तालमूदात नोंद आहे की रब्बान गमलिएल यांच्या घराण्यात अध्ययनगृहात ‘मर्पे’ म्हणत नसत, कारण त्याने अभ्यास मोडतो. गंगेच्या खोऱ्यातले भिक्खू आणि पॅलेस्टाईनमधले रब्बी यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसेल. पण शिंक आली की शिकणारे सगळे एकदम बोलतात आणि गुरूचं वाक्य तुटतं, हा अनुभव दोघांचाही. आणि दोन्हीकडे रीत बंदीला पुरून उरली. आजही इस्रायलमध्ये शिंकणाऱ्याला ‘लाब्रिऊत’ म्हणतात, तुझ्या प्रकृतीसाठी.

ही रीत कशासाठी, यावर मात्र कुणाचंच एकमत नाही. एका यहुदी कथेत जगाच्या आरंभी माणूस आजारी पडून मरतच नसे. रस्त्याने चालताना शिंक यायची आणि नाकावाटे प्राण निघून जायचा. याकोबाने देवाकडे मागणं केलं की मला आधी आजार दे, म्हणजे मुलांना चार शब्द सांगून जाता येईल. तेव्हापासून शिंकूनही माणूस जगतो आणि म्हणून आपण जीवन चिंततो. पण त्याच परंपरेच्या धर्मग्रंथात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, अलीशा हा संदेष्टा मेलेल्या मुलाला जिवंत करतो, ते मूल सात वेळा शिंकतं आणि डोळे उघडतं. इथे शिंक म्हणजे परत आलेला प्राण. मुस्लिम परंपरेत आदमच्या मातीच्या शरीरात प्राण शिरताच तो शिंकतो आणि त्याचा पहिला शब्द देवाच्या स्तुतीचा असतो. पारशांच्या ‘सद् दर’ या ग्रंथात तिसरंच सांगितलं आहे. शरीरात रोगाची एक दुष्ट शक्ती असते आणि तिच्याशी झगडणारा एक अग्नीही असतो. अग्नी जिंकून तिला हाकलतो तेव्हा शिंक येते, म्हणून त्या वेळी ‘यथा अहू वइर्यो’ आणि ‘अषेम वोहू’ या प्रार्थना म्हणाव्यात. प्राण गेला, प्राण आला, शत्रू पळाला. तीन अगदी वेगळी कारणं, आणि वागणं जवळपास एकच.

या विषयाचे कागद चाळताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. रीत सुरू होताना कुणीच पाहिलेली नाही. सर्वांत जुने साक्षीदार पाहावेत तर तेही आपल्यासारखेच प्रश्न विचारत उभे आहेत. प्लिनी विचारतो का, ‘समस्या’ विचारतो का, बुद्ध विचारतात याने होतं काय, रब्बी विचारतात हे आपलं आहे का. प्रश्न लिहून ठेवले गेले तेव्हा रीत आधीच म्हातारी झालेली होती. कारणं तिच्यामागून आली, प्रत्येक धर्माने आपापल्या घरातलं कारण तिला लावलं.

मग ती एका ठिकाणाहून पसरली की जागोजागी उगवली? एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये ‘आदिम संस्कृती’ या ग्रंथात या रीतीला बरीच पानं दिली. आफ्रिकेतल्या झुलू लोकांत शिंकणारा मानतो की पूर्वजाचा आत्मा आपल्याजवळ आला, आणि तो पूर्वजांकडे गुरंढोरं, लेकरं मागून घेतो. शरीरात आत्मे येतात-जातात या जुन्या समजुतीचा हा उरलेला अवशेष, असं टायलरचं म्हणणं. त्याने हिंदूंच्या ‘जीव’चाही दाखला दिला आहे. त्याने सांगितलेल्या हकीकतींत एक स्पॅनिश सेनापती हेर्नांदो दे सोतोची आहे. १५४२ च्या सुमारास मिसिसिपी नदीकाठी ग्वाचोयाचा सरदार त्याला भेटायला आला असताना शिंकला. त्याच्या माणसांनी माना लववून सूर्य तुझं रक्षण करो अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, आणि दे सोतो आपल्या लोकांना म्हणाला की पाहा, सगळं जग एकच आहे. हे लिहिणाऱ्या गार्सिलासोने ते स्वतः पाहिलेलं नव्हतं. त्याचं पुस्तक साठ-एक वर्षांनी, १६०५ मध्ये निघालं. त्यामुळे शब्दांवर फार भार टाकू नये. पण कोलंबसाच्या आधी युरोपशी जवळजवळ काहीही संबंध नसलेल्या खंडावर ही रीत असू शकते, हे त्या काळच्या स्पॅनिश माणसालाही थक्क करून गेलं.

माझा कौल जागोजागी उगवल्याच्या बाजूने आहे. निमित्त सगळीकडे तेच आहे आणि त्या क्षणी म्हणण्याजोगे शब्दही मोजकेच आहेत. जग, बरा हो, देव राखो. याच्या पलीकडे फार काही म्हणता येत नाही. आत्म्याच्या सिद्धांताचीही मला फारशी गरज वाटत नाही. शिंकणाऱ्याकडे एकदा नीट पाहावं. बोलता बोलता माणूस थांबतो, मान वर जाते, डोळे अर्धवट मिटतात, श्वास आत ओढला जातो आणि अडतो. दोन-तीन क्षण तो आपल्यात नसतो. सभोवतालचे नकळत वाट पाहतात. मग सगळं अंग हादरवून श्वास सुटतो आणि तो पुन्हा आपल्याकडे बघतो. खोकला दाबता येतो, मुद्दाम काढता येतो. शिंक इतकी सहज माणसाच्या ताब्यात येत नाही. क्षणभर गेलेला माणूस परत आला, एवढं तर पाहणाऱ्याला दिसतंच, आणि परत आलेल्याला आपण काहीतरी म्हणतो.

आपल्या वैद्यांनी शिंकेकडे अधिक शांतपणे पाहिलं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात न अडवण्याचे तेरा वेग सांगितले आहेत, त्यांत शिंक आहे. दाबली तर मान आखडते, डोकं दुखतं, अर्धशिशी होते. लगेच पुढच्या अध्यायात सद्वृत्त सांगताना म्हटलं आहे की तोंड झाकल्याशिवाय शिंकू नये. शिंक सोडावी, पण झाकून. युरोपात १५३० मध्ये इरॅस्मसने मुलांच्या शिष्टाचारावर लिहिताना सांगितलं की लोकांसमोर शिंक आली तर तोंड फिरवावं, आणि ज्यांनी शुभ चिंतलं किंवा चिंतायला हवं होतं त्यांचे टोपी उचलून आभार मानावेत. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये लिडिया बुरुइबा यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी शिंका टिपल्या, तेव्हा दिसलं की थेंबांचा ओला, गरम ढग सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतो. शिंकताना हृदय थांबतं असं जे सांगितलं जातं ते खरं नाही.

२०२० च्या मार्चनंतर शिंकेचा अर्थ काही महिन्यांत फिरला. बसमध्ये कुणी शिंकलं की शेजारची सीट रिकामी व्हायची. शिंकणारा मास्कच्या आतूनच सगळ्यांना सांगायचा, ‘धूळ आहे, धूळ.’ पुण्यामुंबईच्या ऑफिसांत रुळलेलं ‘ब्लेस यू’ कमी ऐकू यायला लागलं आणि शिंकणाऱ्याचं ‘सॉरी’ वाढलं. ज्या रीतीला साथीने जन्म दिला असं सांगत आलो, तिला आपल्या डोळ्यांदेखत एका साथीने गप्प केलं.

सगळं जग ही रीत पाळतं असंही नाही. चीन आणि जपानमध्ये शिंकणाऱ्याला आज सहसा कुणी काही म्हणत नाही. तिथे शिंक म्हणजे दूर कुठेतरी आपला विषय निघाला. चीनमध्ये हा समज किती जुना आहे ते दुसऱ्या शतकातल्या झेंग श्वान या भाष्यकाराच्या नोंदीवरून कळतं. प्राचीन काव्यसंग्रहातल्या एका ओळीवर भाष्य करताना तो सांगतो की लोक शिंक आली की कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं म्हणतात. आपण हे उचकीच्या बाबतीत म्हणतो. तमिळमधल्या ‘तिरुक्कुरळ’मध्ये आशीर्वाद आणि आठवण या दोन्ही समजुती एका घरात भांडतात. १३१७ व्या कुरळमध्ये नवरा शिंकतो, बायको सवयीने आशीर्वाद देते आणि लगेच तो मागे घेऊन रडू लागते, कुणी तुमची आठवण काढली म्हणून शिंकलात? पुढच्या कुरळमध्ये तो बिचारा शिंक दाबतो, तर ती पुन्हा रडते, तुमची माणसं आठवण काढतात हे माझ्यापासून लपवता ना?

शिंकणाऱ्याला काही न म्हणण्याची रीत जपानमध्येही पूर्वी नव्हती. चौदाव्या शतकात, १३३० च्या सुमारास, योशिदा केन्को नावाच्या भिक्षूने ‘त्सुरेझुरेगुसा’ लिहिलं, मनात येईल ते टिपत गेलेल्या लहान लहान नोंदींचं पुस्तक. त्यातली सत्तेचाळिसावी नोंद अशी आहे. क्योतोमधल्या कियोमिझु देवळाकडे जाणाऱ्या एका माणसाला वाटेत एक म्हातारी भिक्षुणी सोबतीला लाभते. ती चालता चालता सारखी ‘कुसामे, कुसामे’ पुटपुटत असते. तो विचारतो, आजी, हे काय म्हणता? ती उत्तर देत नाही, पुटपुटणं थांबवत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारतो. शेवटी ती वैतागून सांगते की शिंकलेल्या माणसासाठी हे म्हटलं नाही तर तो मरतो म्हणतात. मी दूध पाजून वाढवलेला मुलगा हिएई डोंगरावर मठात शिकतोय. तो आत्ता या क्षणी शिंकत असेल तर?

हिएई डोंगर शहराच्या ईशान्येला, दूर. तिथली शिंक तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून ती थांबतच नव्हती.

कुणी शिंकलं की ‘कुसामे’ म्हणणं जपानमधून पुढे नाहीसं झालं. पण जपानी भाषेत शिंकेला आज ‘कुशामी’ म्हणतात, आणि तो शब्द त्या मंत्रावरूनच आला असं सांगितलं जातं.